चार दिवसांसाठी हलवलेला ट्रक

"गाडी चालू करायची नाही, मिस्त्री. नुसती हलवायची," त्रिंबकअण्णा म्हणाले. "साठ-सत्तर पावलं. तेवढं जमेल ना?"

मी ट्रकच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. टायर पार बसला होता, रिम मातीत रुतली होती. आतल्या ड्रमवर पाच पावसाळ्यांचा गंज चढलेला. हातोडीनं हळूच ठोकलं तर पापुद्रे गळून पडले.

"चालू गाडी कुणीही हलवतो, अण्णा. बंद गाडीलाच अक्कल लागते."

"म्हणून तर तुला बोलावलं."

मला बरं वाटलं. तेव्हा मी पस्तिशीचा होतो. फाट्यावर, रस्त्याच्या कडेच्या सरकारी जागेत चार बांबूंवर पत्रे टाकून गॅरेज चालवत होतो. रस्ता रुंद होणार होता, त्यामुळे ते छप्पर कधीही उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्रिंबक खाडे गावातले वजनदार गृहस्थ. त्यांनी स्वतः चालत येऊन काम सांगावं, हे माझ्यासारख्याला थोडंथोडकं नव्हतं.

ट्रक त्यांच्या धाकट्या भावाचा, नवनाथचा. नवनाथ माझा दोस्त. गाडीवरून आला की आधी माझ्याकडे थांबायचा, डबा उघडायचा आणि मग घरी जायचा. काविळीनं गेला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यानं ट्रक आपल्या हातानं रस्त्याकडेच्या या चार गुंठ्यांत आणून लावला आणि तो तिथून परत निघालाच नाही. जागा नवनाथच्या वाटणीची, असं सगळं गाव म्हणायचं. भावाभावांत तोंडी वाटणी झाली तेव्हा मीही तिथं चहा प्यायला होतो.

नवनाथच्या माघारी त्याची बायको, चंद्रकलावहिनी, शिवणकाम करून दोन लेकरं वाढवत होती. भंगारवाले कितीदा आले, तिनं ट्रक दिला नाही. रोज सकाळी ट्रकभोवतीची जागा झाडायची. दसऱ्याला काच पुसून बोनेटला झेंडूची माळ घालायची. लोकांना वाटायचं, नवऱ्याची आठवण जपते. मलाही तसंच वाटायचं.

"पोरीचं लग्न धरलंय, मीराचं," अण्णा म्हणाले. "मांडव इथंच घालायचा. रस्त्यावरून शोभा दिसली पाहिजे. ट्रक तेवढा पलीकडं कोंडवाड्याच्या जागेत लावायचा. चार दिवस."

"वहिनींना विचारलं?"

"तूच विचार. तुझं ऐकेल ती." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझंही बघतो मी पुढं."

काय बघतो, हे मी विचारलं नाही.

चंद्रकलावहिनी शिलाई यंत्रापाशी बसली होती. मी विषय काढला तशी तिचे पाय थांबले.

"ट्रक हलवायचा?"

"मांडवापुरता. लग्न उरकलं की परत जागेवर."

"भाऊजी, माझ्या वडलांनी मला बजावलंय, काहीही झालं तरी तिथून गाडी हलवायची नाही."

"का?"

तिनं सुई वर घेऊन कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "कागदावर सगळ्या जमिनीला अण्णांचं नाव आहे. आमच्याकडं दाखवायला एवढी गाडीच."

मी म्हणालो, "मीराचं लग्न आहे, वहिनी." मीरावर तिचा जीव होता, हे मला ठाऊक होतं. लहानपणी ती पोर हिच्याच मांडीवर जेवायची.

"तुम्ही परत आणून लावाल?"

"मी स्वतः. पाचव्या दिवशी सकाळी."

"मग हलवा," ती म्हणाली आणि पुन्हा यंत्र चालू केलं. "तुम्ही म्हणता म्हणून."

तयारीला दोन दिवस लागले. जागेवरून गल्लीत उतरायला चांगला उतार होता आणि भीती त्याच उताराची होती. ट्रकला हवेचे ब्रेक. इंजिन बंद म्हणजे टाकीत हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे ब्रेक नाही. सात टनांचं धूड एकदा घरंगळलं की त्याला माणसं थांबवू शकत नाहीत. लोक अशा वेळी साखळी बांधून ओढतात. साखळी ओढते, पण थोपवत नाही. उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर चढते आणि मधे कुणी असलं तर त्याचा चेंदामेंदा होतो. म्हणून मी बोअरचा जाड पाइप घेतला, दोन्ही टोकांना कड्या वेल्ड केल्या आणि ट्रॅक्टर व ट्रक यांच्यामधे बसेल असा दांडा केला. दांडा ओढतोही आणि रेटून धरतोही.

फळ्या टाकून जॅक लावला. एकेक चाक उचलून जुने पण हवा धरणारे टायर चढवले. चारही ड्रम ठोकून ठोकून मोकळे केले. गिअर न्यूट्रलमध्ये पडेना, तेव्हा गाडीखाली निजून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवून ठेवला. काम चांगलं चाललं होतं. चांगलं काम चाललं की मला बाकी काही सुचत नाही, हा माझा गुणही आणि दोषही.

चाकांना लावायला लाकडी ठोकळे हवे होते. अण्णांच्या घरामागे बाभळीचे ओंडके होते, ते आणायला मी गेलो. ओंडक्यांच्या अलीकडे ताडपत्री होती. मी ती उचलली. खाली सिमेंटचे खांब रचून ठेवले होते. चाळीसेक असतील. शेजारी काटेरी तारेची भेंडोळी, नवी कोरी.

अण्णा पडवीतून बघत होते. "मळ्याच्या कुंपणाचं सामान आहे," मी न विचारताच ते म्हणाले.

मी ताडपत्री होती तशी टाकली आणि ओंडके कापायला घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता एकनाथ ट्रॅक्टर घेऊन आला. हमालीतला दगडूमामा मागच्या चाकाशी ठोकळा घेऊन चालणार होता. दुसऱ्या बाजूनं मी. पण ट्रकचं स्टिअरिंग धरायला कुणी तरी हवं होतं. अण्णांच्या भाच्याला बसवायचं ठरलं होतं. ब्रेक नाहीत हे ऐकल्यावर त्याला शेतात काम आठवलं.

"मी बसते," चंद्रकलावहिनी म्हणाली.

गल्लीत जमलेल्या बायका हसल्या. ती हसली नाही. "त्यांनी शिकवलंय मला. पडीक रानात चालवलीय मी ही गाडी. विचारा भाऊजींना."

खरं होतं ते. नवनाथनं मला कौतुकानं सांगितलं होतं. तिनं पदर खोचला आणि पायरीवर पाय ठेवून केबिनमध्ये चढली. तिथली सीट उंदरांनी कुरतडली होती. तिनं त्यावर गोणपाट टाकलं.

मी खिडकीशी उभा राहून सांगितलं, "चाक जड लागेल, दोन्ही हातांनी धरा. ब्रेक दाबून उपयोग नाही, तो विसरून जा. नजर दांड्यावर ठेवा. दांडा सरळ तर आपण सरळ. आणि मी हात वर केला की चाक आहे तिथं घट्ट धरायचं."

"बरं."

बाकीच्यांना सांगितलं, "दोन गाड्यांच्या मधे कुणी यायचं नाही. काही पडलं, कुणाची चप्पल राहिली, तरी नाही."

एकनाथनं ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकला. दांडा ताणला गेला, कड्या करकरल्या आणि पाच वर्षं मातीत बसलेला ट्रक उठल्यासारखा हलला. चाकांखाली पाच वर्षांचे ओलसर खड्डे राहिले, त्यात पांढरी मुळं. बायकांतून कुणी तरी "चालली गं" म्हणालं.

उताराच्या तोंडाशी ट्रकनं ट्रॅक्टरला रेटायला सुरुवात केली. ट्रॅक्टरचं मागचं चाक मुरमावरून सरकलं आणि दांडा तिरपा झाला. क्षणभर मला वाटलं, गेलं सगळं. मी हात वर केला. वहिनीनं चाक छातीशी धरून ठेवलं, तिच्या मानेच्या शिरा मला खालून दिसत होत्या. दगडूमामानं ठोकळा सारला, मी माझ्या बाजूचा सारला. ट्रक ठोकळ्यांवर बसला आणि थांबला. एकनाथनं ट्रॅक्टर सरळ केला. मग आम्ही हातभर जायचं, ठोकळा लावायचा, पुन्हा हातभर जायचं, असं करत तो उतार उतरलो. सत्तर पावलांना पाऊण तास लागला.

कोंडवाड्याच्या जागेत ट्रक उभा राहिला तेव्हा एक ओरखडा नव्हता. मी चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, वर दगड रचले. वहिनी खाली उतरली. तिचे तळवे लाल झाले होते. ती खूप दिवसांनी हसत होती.

"त्यांनी बघायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

अण्णांनी नारळ फोडला. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली.

लग्न थाटात झालं. वहिनीनं पंगतीत वाढलं. पाचव्या दिवशी सकाळी मी गॅरेजात एका जीपचं काम काढून बसलो. सहाव्या दिवशी गेलो, पण ट्रॅक्टर न घेता गेलो. जागेला चारी बाजूंनी सिमेंटचे खांब उभे होते आणि त्यांना चार पदरी तार ताणलेली होती. वहिनी तारेबाहेर उभी होती, दोन्ही लेकरं तिला चिकटून. तिच्या हातात झाडू होता.

"भाऊजी, अण्णांना सांगा ना," ती म्हणाली. "तुम्ही शब्द दिला होता."

मी अण्णांकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "घरातला वाद आहे, मिस्त्री. तू यात पडू नको." मी पडलो नाही.

वहिनीचे वडील नवनाथच्या मागोमाग वर्षभरात गेले होते. तिनं एकटीनं तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. कुलथे म्हणून वकील होते, भला माणूस. पण कागदावर तिचं नाव नव्हतं. ताबा दाखवायला ट्रक होता, तर तो पंचनाम्याच्या दिवशी कोंडवाड्यात उभा. चार दिवसांसाठी म्हणून गाडी हलवली आणि मग आपल्याला आत येऊ दिलं नाही, असं तिनं सांगितलं. समोरचा वकील म्हणाला, हे बाईंचं तोंडी बोलणं झालं, पुरावा काय?

अण्णांच्या बाजूनं मला साक्षीला बोलावलं.

"ट्रक कोणी हलवला?"

"मी."

"बाईंची संमती होती?"

"होती."

"ट्रकच्या स्टिअरिंगवर कोण होतं?"

"बाई स्वतः होत्या."

कोर्टात हलकी कुजबुज झाली. वकिलानं पुन्हा विचारलं, "म्हणजे बाईंनी स्वतःच्या हातानं ट्रक त्या जागेतून बाहेर काढला?"

"हो."

एकही शब्द खोटा नव्हता. कुलथे वकील उलटतपासाला उठले. तेवढ्यात वहिनीनं त्यांच्या काळ्या कोटाची बाही ओढली. ते वाकले, तिचं ऐकलं, काही तरी पुटपुटले आणि म्हणाले, "या साक्षीदाराचा उलटतपास नाही." मी पिंजऱ्यातून उतरलो. चार दिवसांचं मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

दावा गेला. वहिनी लेकरांना घेऊन शिरूरला गेली. ट्रक कोंडवाड्यात सडला, शेवटी ग्रामपंचायतीनं भंगारात घातला.

त्याला चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. एका दुपारी गॅरेजसमोर एक गाडी थांबली, बोनेटमधून वाफ निघत होती. आतून कुलथे वकील उतरले. पार थकले होते, काठी टेकत आले. मी खुर्ची दिली, रेडिएटरचा पाइप बदलायला घेतला. ते इकडेतिकडे बघत होते. अण्णांचं हॉटेल, त्याला लागून टायरवाल्याचं दुकान, आणि या कोपऱ्यात माझी पक्की शेड.

"ही तीच जागा ना?" ते म्हणाले. "खाडेबाईंची?"

मी मान हलवली. हे मी आतापर्यंत सांगितलं नाही. दाव्याचा निकाल लागल्यावर महिनाभरात अण्णांनी हा कोपरा मला दिला. माझं छप्पर रुंदीकरणात गेलं होतं. ते काही बोलले नाहीत, मीही काही बोललो नाही. जागा दाखवली आणि मी खांब पुरले.

"एक गोष्ट मला अजून खटकते," कुलथे म्हणाले. "तुमचा उलटतपास मी घेणार होतो. किती दिवसांसाठी हलवला, परत आणायचं कुणी कबूल केलं, दोनच प्रश्न. बाईंनी थांबवलं मला."

"का?"

"म्हणाल्या, मिस्त्रींना आडवेतिडवे प्रश्न विचारू नका, माणूस कानकोंडा होईल. ते यांचे मित्र आहेत. त्यांनी शब्द दिलाय, ते आपणहून सांगतील." वकिलांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हटलं, बाई, साक्षीदार आपणहून सांगत नसतात. ऐकेनात."

मी पाइपाची क्लिप आवळत होतो. ती इतकी आवळली की पाइप फाटला. दुसरा घालावा लागला.

त्या रात्री जेवण गेलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. जेवलो, झोपलोही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या शेडमध्ये बसवेना. ताडपत्री उचलली तेव्हा मला जे कळलं होतं, ते डोळ्यांपुढून हलेना. अण्णांच्या मळ्याला आदल्याच साली कुंपण झालं होतं. त्याच्या फाटकाची बिजागरी मीच जोडली होती. खांब पाहिले त्याच क्षणी ते कशासाठी आणलेत, हे मला समजलं होतं. तरी मी ओंडके कापले, ठोकळे केले, एकूण एक चाक जपलं आणि तिला केबिनमध्ये बसू दिलं.

महिन्याभरानं मी शिरूरचा पत्ता काढला.

दार मुलीनं उघडलं. अश्विनी, तेव्हा सहा वर्षांची होती, आता दवाखान्यात नर्स. मी नाव सांगितलं तसा तिचा चेहरा बदलला. "आई, गावाकडचे मिस्त्री आलेत," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

चंद्रकलावहिनीचे केस पांढरे झाले होते. तिनं मला बसायला सांगितलं. तब्येत विचारली, माझ्या बायकोचं विचारलं. मी म्हणालो, "वहिनी, मी एक सांगायला आलोय." आणि सांगितलं. खांब, तार, मळ्याचं आधीच झालेलं कुंपण, पाचव्या दिवशी जीपचं काढलेलं काम, कोपऱ्यातली शेड. दारात अश्विनी उभी होती, हे मला नंतर दिसलं.

"शेड मी सोडतोय," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात. त्यानं तुम्हाला काही मिळणार नाही, ठाऊक आहे मला."

"मला आधी कळायला हवं होतं," वहिनी हळू म्हणाली. मग बराच वेळ तिनं हातावर हात घासले. "हे लिहून द्याल?"

"देतो. पण दावा तर केव्हाच संपला."

"दाव्यासाठी नाही." तिनं दाराकडे पाहिलं नाही. "पोरांसाठी. कोर्टात तुम्ही जे बोललात ते गावानं धरलं आणि गावाकडून पोरांनी ऐकलं. आईनंच हौसेनं स्टिअरिंगवर बसून गाडी बाहेर काढली, आईनंच बापाची जागा घालवली. गणेश तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. जागेवर दुकान टाकलं असतं म्हणतो, दुसऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळ्या कराव्या लागल्या नसत्या. मी म्हणायचे, चार दिवसांचं ठरलं होतं रे. तो म्हणायचा, मग मिस्त्रीनं तसं का नाही सांगितलं? त्याला काय उत्तर देणार?"

अश्विनीनं वहीचं पान फाडून दिलं. मी लिहायला बसलो. माझं अक्षर वाईट, शाळा सातवीपर्यंत. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. सही केली आणि पान वहिनीपुढं धरलं. तिनं घेतलं नाही. "हिच्याकडं द्या," ती म्हणाली.

अश्विनीनं उभ्यानं वाचलं. एके ठिकाणी थांबली आणि पान माझ्यापुढं ठेवलं. "इथं असं लिहा," ती म्हणाली, "की आई तयार नव्हती. तुम्ही मीराताईचं नाव काढलंत म्हणून तयार झाली."

मी ते लिहिलं.

"आणि हेही, की ते तुम्हाला ठाऊक होतं."

तेही लिहिलं. तिनं पुन्हा सगळं वाचून पाहिलं.

"गणेशला फोन लाव," वहिनी म्हणाली.

फोन लागला. अश्विनीनं स्पीकर चालू केला. "दादा, आईकडे बसलेय. काही बोलू नकोस, ऐक," म्हणाली आणि वाचायला लागली. माझ्या वाक्यांत चुका होत्या, त्या तिनं तशाच वाचल्या. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, पदराचं टोक मुठीत धरून. मला कुणी थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उठून चपला घातल्या आणि तरी दाराशी उभा राहिलो.

वाचून संपलं. पलीकडून कारखान्यातली कसली तरी घरघर तेवढी ऐकू येत होती.

"दादा?" अश्विनी म्हणाली.

तो म्हणाला, "आई आहे का तिथं?"

"आहे."

"तिला ऐकू जाईल असं परत वाच," तो म्हणाला. "पहिल्यापासून."